मागच्या बाकावरचे सहा आठवडे

६ फेब्रुवारी

घशाची डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षाही लहान. नाकातून नळी घातली आणि पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. आत दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्यावर समोरासमोर दोन गाठी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. "काय करता तुम्ही?" तिनं विचारलं. म्हटलं, सव्वीस वर्षं परकी भाषा शिकवते. "मोठ्यानं?" म्हटलं, हळू शिकवली तर मागच्या बाकाला डुलकी लागते.

"मग आता सहा आठवडे बोलायचं नाही. एक शब्दही नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर जास्त वाईट. गुणगुणायचं नाही, खाकरायचं नाही. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन, आणि नंतर आवाज कसा येईल ते मी सांगू शकत नाही."

"आजपासून?"

"हे विचारलंत ते शेवटचं," ती म्हणाली.

म्हणून ही वही. यांनी येताना दुकानातून घेतली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चाळीस वर्षं नळांचे नकाशे काढलेला माणूस, बोलणं मोजकंच. "जे जे बोलावंसं वाटेल ते यात लिही," म्हणाले. दोनशे पानांची आणली आहे. म्हणजे बायकोला ओळखतात.

माझं जाऊ दे, सिस्टरचं काय करायचं? परीक्षा २९ मार्चला आहे. वर्गातल्या बाराजणांपैकी अकराजण नापास झाले तर पुन्हा बसतील. सिस्टरला ती सोय नाही. ज्या देशाची भाषा शिकवते तिकडच्या एका इस्पितळानं तिच्यासाठी नर्सची जागा धरून ठेवली आहे आणि त्यांची अट एकच, तोंडी परीक्षा पास हो. दोनदा नापास झाली. ही तिसरी वेळ शेवटची, मग जागा दुसरीला जाणार. नवरा नाही, पदरात दोन मुलं, ती रात्री आजीपाशी असतात. रात्रपाळी करून सकाळी सातच्या वर्गाला येते, तेव्हा नाकावर मास्कचा वळ असतो. लेखी परीक्षेत नव्वदच्या घरात गुण. तोंडीला मात्र समोर कोणी बसलं की पाच वाक्यं कशीबशी येतात आणि पुढे मुलगी मख्ख. धीटपणाच नाही, दुसरं काय? मी तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे. दोन वर्षांत तिचं एकही चुकीचं वाक्य मी पुढे जाऊ दिलेलं नाही.

७ फेब्रुवारी

संचालकसाहेबांना पाटीवर सगळं लिहून दाखवलं. (हो, पाटी. यांनी माळ्यावरून लेकीची जुनी पाटी काढून दिली. कागद किती फाडणार?) साहेब फारच प्रेमळपणे म्हणाले, "बाई, तुम्ही निश्चिंत घरी बसा. हल्ली रेकॉर्ड केलेले धडे मिळतात. तुमच्या जागी एक पडदा लावू."

"माझ्या जागी?" असं लिहून मी खाली दोन रेघा मारल्या. मग पुसून लिहिलं, "मुलं शिकवतील."

मुलं म्हणजे कोण, तर सर्वांत मोठं मूल त्रेसष्ट वर्षांचं आहे. आणि ही काही विचार करून काढलेली युक्ती नव्हे. रागाच्या भरात लिहिलं गेलं आणि एकदा लिहिल्यावर माघार घ्यायची मला सवय नाही. साहेबांनी खांदे उडवले. म्हणाले, परीक्षेपर्यंत बघू, निकाल खाली आला तर पडदा.

ठरलं ते असं. रोज एकानं पुढे उभं राहून पुस्तकातला एक धडा शिकवायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिकडच्याच भाषेत. मी मागच्या बाकावर. साहेबांच्या टेबलावरची शिपायाला बोलावायची घंटी मी मागून घेतली आहे. कोणी चुकलं की वाजवायची.

९ फेब्रुवारी

पहिला मान 'पहिला नंबर'ला. वर्षानुवर्षं सगळीकडे पहिला येणारा हा वीस वर्षांचा पोरगा, त्याला हेच नाव पडलं आहे आणि त्यालाही ते आवडतं. धडा होता विमानतळावर सामान हरवल्याचा.

काय सांगावं! कोणी तोंड उघडलं की दोन शब्दांत हा तोडणार. जिभेनं 'च्च' काय करायचा, बोट काय उगारायचा, उरलेलं वाक्य स्वतःच काय पुरं करायचा! वर्ग खुसुखुसु हसत होता आणि वळून वळून माझ्याकडे बघत होता. मीही मान हलवून त्यांना दुजोरा दिला. असं शिकवल्यावर माणसाच्या तोंडून शब्द फुटेल कसा? एवढा हुशार मुलगा, ही रीत कुठून उचलली देव जाणे. उद्या त्याला लिहून समज देईन.

१३ फेब्रुवारी

आज ड्रायव्हरकाकांनी शिकवलं. बस चालवून निवृत्त झालेत, वजन शंभराच्या पुढे, हसले की बाकही हसतं. सून तिकडची आहे, तिच्याशी नीट भांडता यावं म्हणून भाषा शिकतो असं सांगतात. रस्ता विचारण्याचा धडा बरा घेतला, पण चुका फार. वर्ग संपल्यावर म्हणाले, "बाई, मी मोजलं. एकेचाळीस वेळा वाजली घंटी. एवढ्या वेळा तर माझ्या बसमध्येपण वाजायची नाही."

वर्गानं मतदान घेतलं. धड्याला जास्तीत जास्त तीन घंट्या. माझ्या वर्गात, माझ्या देखत, हात वर करून! सिस्टरचा हात तेवढा खाली होता. भली मुलगी आहे, माझ्याविरुद्ध जायचं तिला जिवावर आलं असेल.

१६ फेब्रुवारी

सिस्टरचा धडा झाला नाही.

वस्तुसंग्रहालयाला भेट, सोपा धडा. ती उभी राहिली, पुस्तक उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. नुसती उभी. मी हसून मान डोलावली, तर तिनं नजरच वळवली. सात मिनिटं गेली.  घंटी माझ्या हातात होती आणि वाजवायला काही नव्हतं, कारण चूकच होत नव्हती. मग तिनं पुस्तक मिटलं, सगळ्यांची माफी मागितली, आपल्या भाषेत, आणि पिशवी उचलून निघून गेली.

मला स्पष्टच लिहू दे, ही पास होत नाही. सहा आठवड्यांत तर नाहीच. तिच्या दोन मुलांचे फोटो तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले आहेत, ते डोळ्यांसमोरून हलेनात. यांनी जेवताना पंपांबद्दल काहीतरी सांगितलं, चांगलं वीस मिनिटं. मी गप्प म्हणून घर ओकंबोकं वाटत असेल, माझं मन रमवायला बिचारे विषय शोधून काढतात.

१९ फेब्रुवारी

सिस्टरला मी चिठ्ठी दिली. तू शिकवू नकोस, नुसता अभ्यास कर, तुझी पाळी दुसऱ्या कोणाला देते. वाटलं होतं सुटकेचा श्वास टाकेल.

ती म्हणाली, "मला परत एकदा द्या बाई. पण पुस्तकातलं नको."

मी पाटीवर लिहिलं, बरं.

"आणि घंटी नको."

बरं.

"आणि तुम्ही बाहेर बसाल का?"

माझ्याच वर्गातून मी बाहेर! पाटीवर मी 'का?' एवढं मोठं लिहिलं की दुसऱ्या अक्षराला जागा उरली नाही.  ड्रायव्हरकाका मागेच घुटमळत होते, ते म्हणाले, "सांगून टाक गं एकदाचं. बाईंना आता उलट बोलता येत नाही, अशी संधी पुन्हा नाही मिळायची."

मग ती बोलली. जमिनीकडे बघत, पण बोलली. "परीक्षेला समोर कोणीही बसलेलं असू दे बाई, मी वाक्य सुरू केलं की मला तुमचं 'च्च' ऐकू येतं. ते लोक काहीच म्हणत नाहीत. चांगले असतात, हसतात. पण मला ऐकू येतंच. मग मी त्याची वाट बघत थांबते. थांबले की संपलं."

मी पाटी पुसली. पुन्हा पुसली. शेवटी लिहिलं, "मी असं करत नाही." तिनं वाचलं आणि पिशवी खांद्याला लावली.

२० फेब्रुवारी

यांना सकाळी पाटीवर विचारलं. मी बोलताना च्च करते?

हे हसायलाच लागले. मग माझा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "मोजलं नाही कधी," म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. कुंड्यांना पाणी मी तासाभरापूर्वीच घातलं होतं.

पहिल्या नंबरला समज द्यायची राहिलीच आहे. आता काय तोंडानं देऊ? मुळात तोंडच नाही म्हणा.

दिवसभर कशात मन लागलं नाही. सव्वीस वर्षांतली मुलं एकेक करून आठवत बसले. किती जण मध्येच वर्ग सोडून गेले, त्यांना मी आळशी म्हणायचे.

२६ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं आहे, म्हणून सावकाश लिहिते.

मी बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसले. वर्गाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. सिस्टरनं दोन बाकं जोडली, तीही अशी की तिची पाठ दाराकडे येईल. घरून आणलेली चादर त्यांच्यावर अंथरली, चारी कोपरे असे घट्ट दुमडले की एक सुरकुती नाही. ड्रायव्हरकाकांना बूट काढून झोपायला लावलं. मोज्याला भोक होतं, वर्ग हसला, काकाही हसले.

मग ती तिकडच्या भाषेत म्हणाली, हा माणूस बेशुद्ध आहे. याला कुशीवर वळवायचं आहे. आमचा एक नियम आहे, हात लावायच्या आधी सांगायचं. त्याला ऐकू येत नसलं तरी सांगायचं. तो कधीच उत्तर देणार नसला तरी सांगायचं.

आणि तिनं काकांच्या कानाशी वाकून सांगायला सुरुवात केली. मी आता तुमचा हात उचलते. तो छातीवर ठेवते. आता तुमचा गुडघा वाकवते, थोडं ओढल्यासारखं वाटेल. आता मी तुम्हाला माझ्याकडे वळवणार आहे. घाबरू नका, मी धरलं आहे. एक, दोन. आणि तो एवढा मोठा माणूस तिच्या दोन हातांनी अल्लद कुशीवर आला. एक हात खांद्याला, एक कमरेला, बस.

हीच का ती? आवाज बारीक नव्हता, घाईचा नव्हता, वाक्यामागून वाक्य येत होतं. चुका होत्या. मी चार मोजल्या आणि मग मोजायचं राहून गेलं. माझ्या हयातीत असं पहिल्यांदा झालं असेल.

नंतर एकेकाला पुढे बोलावलं. जो न सांगता हात लावेल त्याचं मनगट ती हलकेच धरायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. चूक म्हणायची नाही. तो आपणच ओळखायचा, हात मागे घ्यायचा आणि आधी सांगायचा. बेकरीवाली ताई, जी दोन वर्षांत हो-नाहीच्या पुढे गेलेली नाही, तिनं काकांना पायाच्या बोटांपासून उशीपर्यंत सगळं सांगितलं. मध्येच काकांनी डोळे मिटूनच तिकडच्या भाषेत विचारलं, "बाई गं, मी गेलोय का?" आणि सिस्टर पटकन म्हणाली, "अजून नाही. वर्ग संपायला पंधरा मिनिटं आहेत."

तिनं विनोद केला! परक्या भाषेत, आयत्या वेळी, विचार न करता.  मी तोंडावर हात घट्ट दाबून धरला, नाहीतर सहा आठवडे तिथेच मोडले असते. मी काय समजत होते हिला? ही मुलगी रोज रात्रभर अशा माणसांशी बोलते जी कधी उत्तर देत नाहीत. हिच्याइतकं धीट कोण असेल? त्यांच्यातल्या एकानंही तिला कधी 'च्च' केलेलं नसणार.

वर्ग सुटल्यावर पाटीवर विचारलं, एवढे शब्द कुठून आणलेस? निम्मे मलाच येत नाहीत.

"वॉर्डातल्या यंत्रांच्या पुस्तिका असतात ना बाई, त्या तिकडच्या भाषेत असतात. पहाटे जरा शांत असतं तेव्हा वाचते."

नमस्कार करावासा वाटला. केला नाही, पाटी हातात होती.

५ मार्च

पुस्तक बंद. आता जो तो आपल्याला येतं ते शिकवतो. ही कल्पना माझी नाही, कोणाची ते कोणी सांगत नाही.

आज बेकरीवाली ताई. पीठ घेऊन आली होती, बाराजणांना बारा गोळे. मळताना कधी थांबायचं ते बोटाला कसं कळतं, हे तिनं तिकडच्या भाषेत समजावलं. शब्द अडला की पीठ दाखवायची आणि वर्ग शब्द शोधून द्यायचा. मी मागच्या बाकावर कोपरापर्यंत पिठात. मला आत बसायची परवानगी आहे, घंटी मात्र साहेबांना परत करावी लागली.

माझ्या वहीत आजवर त्रेसष्ट नवे शब्द झाले. सव्वीस वर्षं मी माणसांना विमानतळावर सामान हरवायला शिकवत होते, आणि माझ्या समोर बसलेल्यांना काय काय येतं ते एकदाही विचारलं नाही.

११ मार्च

ड्रायव्हरकाका. उभे प्रवासी असताना ब्रेक कसा दाबायचा. शेवटच्या क्षणी पाय थोडा सैल सोडायचा असतो म्हणे, म्हणजे कोणाला हिसका बसत नाही. तीस वर्षं बसनं हिंडले, कोणीतरी माझ्यासाठी पाय सैल सोडत होतं हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या नंबरला शिकवायला काही सापडेना. रडकुंडीला आला, "मला काहीच येत नाही, मला फक्त मार्क मिळतात." शेवटी घरची माशांची काचपेटी कशी धुतो ते शिकवलं. अडखळत, आणि कोणालाही न तोडता. फार सुंदर झालं.

हे आज जेवताना अर्धा तास बोलले. शहराचा पहिला नकाशा काढला तो यांच्या कचेरीतल्या साहेबानं कसा फाडला होता आणि यांनी रात्रीतून दुसरा कसा काढला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ही गोष्ट मला कशी माहीत नाही? यांची स्मरणशक्ती या वयात सुधारलेली दिसते.

२० मार्च

सहा आठवडे संपले. पुन्हा नळी, पुन्हा पडदा. गाठी गेल्या, नावालासुद्धा नाहीत. "बोला," डॉक्टरीण म्हणाली.  "बरं," म्हटलं. गंजलेल्या बिजागरीतून यावा तसा आवाज आला, पण माझाच. ती म्हणाली, बेतानं वापरा, ओरडू नका.

घरी आले तर हे वरच्या टाकीच्या गळतीबद्दल सांगायला लागले. मध्येच तोडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, "आवाज आला." हे इतके दचकले की हातातला चहा सांडला. उद्या वर्गात सगळ्यांना असंच दचकवणार आहे. नऊ दिवस आहेत परीक्षेला, सिस्टरकडून रोज तासभर करून घेईन.

२१ मार्च

नाही सांगितलं.

वाक्य तोंडात तयार होतं. दार ढकललं तर आत तोंडी परीक्षेची तालीम चालली होती. सिस्टर पुढे खुर्चीत, ड्रायव्हरकाका परीक्षक झालेले, गळ्यात कोणाचा तरी टाय. ती बोलत होती. तिकडच्या इस्पितळाबद्दल, मुलांना तिकडे नेल्यावर शाळेत कसं घालणार याबद्दल. काकांनी घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटं. तेवढ्यात मी आत आले आणि तिनं वळून पाहिलं. क्षणभरच, पण तिचे खांदे वर गेलेले मी पाहिले.

पाटी बॅगेतच होती. मी ती काढली आणि लिहिलं, "डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस गप्प."

सिस्टर जवळ आली, वाचलं, माझ्या गळ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "जपा बाई," एवढंच म्हणाली. तिला किती काळजी माझी! मला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. यांनाही बजावलं आहे, फोन कोणाचाही आला तरी मी अजून मुकीच.

२५ मार्च

आज मेले असते. सिस्टरनं तालमीत एक चूक केली, परीक्षेत हमखास गुण जातील अशी. एकदा नाही, तीनदा. मला येत होतं, मी सांगू शकत होते, एका शब्दाचं काम. दोन वर्षांची तिची मेहनत, शेवटची संधी, आणि मी आवाज असून मागे बसून राहायचं? हा शहाणपणा की पाप? ही नापास झाली तर मी स्वतःला काय सांगू? जीभ दाताखाली धरून बसले, तोंडात रक्ताची चव आली.

ड्रायव्हरकाकांनी कपाळाला आठ्या घालून नुसतं विचारलं, "काय म्हणालात? मला नीट कळलं नाही." ती थांबली. तिनं मनात वाक्य फिरवून पाहिलं आणि दुरुस्त करून पुन्हा सांगितलं. पुढे दोनदा ते वाक्य आलं, दोन्ही वेळा बरोबर. न कळलेल्या माणसाला कळावं म्हणून केलेली दुरुस्ती कशी पक्की बसते! मी नुसती बघत राहिले. त्या बस चालवलेल्या माणसानं मला माझा धंदा शिकवला.

२९ मार्च

परीक्षा. मी सोबत गेले. व्हरांड्यात तासभर येरझाऱ्या घातल्या, शिपाई दोनदा पाणी विचारून गेला.

सिस्टर बाहेर आली ती पांढरीफटक. तोंडी परीक्षेत दोघांना एकत्र बसवतात, आपसात बोलायला लावतात. तिच्या जोडीला एक अनोळखी पोरगा होता. दुसऱ्याच प्रश्नाला तो गोठला. "माझ्यासारखाच, बाई. डोळे तस्सेच." मग हिनं काय करावं? स्वतःचा विषय सोडला आणि त्याला हळूहळू सांगत बसली, आता मी तुला एक सोपा प्रश्न विचारणार आहे, मग तू मला विचार, घाई नाही. पोरगा बोलायला लागला. पण हिचा निम्मा वेळ त्यात गेला. तयार केलेलं सगळं राहिलं. परीक्षकबाईंनी काहीतरी भराभरा लिहून घेतलं आणि घंटा झाली.

"गेली बाई माझी परीक्षा," ती म्हणाली. "पण मला त्याला तसं सोडवेना."

मला ओरडावंसं वाटलं, अगं शेवटची संधी होती तुझी, परक्याचं काय पडलं होतं! आणि त्याच क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. पाटी बॅगेत टाकली. तिचा हात हातात घेऊन बसथांब्यापर्यंत चालत गेले.

९ एप्रिल

निकाल अजून नाही. रोज सकाळी लावलाय का ते बघायला जाते. वर्गात पाटीच चालू आहे. तो पोरगा हिच्या जागी बसला असता तर त्यानं हिला सांभाळलं असतं का, असलं काहीबाही मनात येतं. झोप नाही. माझ्या लेकीच्या परीक्षांनाही मी इतकी घाबरले नव्हते.

१६ एप्रिल

सिस्टर पास. लागलेल्या यादीत मी तिचा नंबर बोट ठेवून तीनदा वाचला. नुसती पास नाही, 'समोरच्याशी संवाद' या रकान्यात पूर्णपैकी पूर्ण गुण, वर्गात एकटीला. पहिल्या नंबरलाही नाहीत. बाराचे बारा पास, साहेब पडद्याचं नाव काढत नाहीत. पण ते सगळं नंतर.

वर्ग रिकामा झाल्यावर ती मागे राहिली. मी पाटी उचलली, अभिनंदन लिहायला. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बाकावर पालथी ठेवली.

"आता बोला बाई."

मी पाटीकडे हात नेला.

"सहा आठवडे वीस मार्चला संपले. मी नर्स आहे, दिवस मोजायला मला येतं. आणि एकवीसला तुम्ही आलात तेव्हा गिळताना दुखत नव्हतं तुम्हाला, दिसत होतं. तुम्ही पाटीवर खोटं लिहिलंत. मी घरी जाऊन आईला म्हटलं, बाई माझ्यासाठी गप्प बसल्यात. दोघी रडलो."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. एवढ्या दिवसांचं साठलेलं, सव्वीस वर्षांचं, आणि बोलायची वेळ आली तर मी मख्ख. ती काही म्हणाली नाही. घाई केली नाही. वाक्य पुरं करून दिलं नाही. समोरच्या बाकावर बसली आणि वाट बघत राहिली.

शेवटी बोलले. "तुझ्या आधीच्या दोन्ही परीक्षा माझ्यामुळे गेल्या. दोन वर्षं तू आणि तुझी मुलं इथेच अडकून पडलात ते माझ्यामुळे. मला माफ कर."

तिनं नीट विचार केला. खरंच विचार केला, वरवर 'नाही हो बाई' म्हटलं नाही.

"पहिली तुमच्यामुळे," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी धाकट्याला गोवर आला होता, मी पुस्तकच उघडलं नव्हतं. ती माझी."

"बरं," मी म्हटलं. "एक माझी, एक तुझी."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की साहेब दारात येऊन उभे राहिले, आणि माझा आवाज ऐकून तिथेच खिळले.